काम झालं, आता लिहून ठेवा

मोटार वायंडिंगच्या दुकानात जळालेली मोटार आली की जाणता कारागीर आधी वही उघडतो. जुनी तार कापण्यापूर्वी मोटार किती हॉर्सपॉवरची, सिंगल फेज की थ्री फेज, स्टेटरला स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तार कोणत्या गेजची, पिच काय, जोडणी स्टार की डेल्टा, हे सगळं तो उतरवून घेतो. नेमप्लेटवर यातलं निम्मंही नसतं. जळकी तार भंगारात गेली की वेढ्यांची संख्या मोटारीत कुठेच उरत नाही, ती फक्त वहीत राहते. पुढे कधीतरी त्याच मापाची मोटार येते, आधी कुणीतरी अंदाजाने भरलेली आणि म्हणून चालताना तापणारी. हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ असते, वीज ठरावीक तासच असते, शेतकरी दुकानाच्या पायरीवर बसून असतो. अशा वेळी जुन्या पानावरचा एक आकडा सापडला तर मोटार संध्याकाळपर्यंत विहिरीवर जाते, नाही सापडला तर पुन्हा अंदाज.

अशा वह्या मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. त्या सहसा छापल्या जात नाहीत, त्यांची नक्कलही कुणी काढत नाही. कारागीर थकला, मुलगा दुसऱ्या धंद्यात गेला, की वही रद्दीत जाते. तंत्रज्ञाने आपलं काम लिहून ठेवावं, आणि ते इतरांना वाचायला खुलं करावं, हा पुढच्या पानांचा विषय आहे. तंत्रज्ञ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त पुण्या-हैदराबादच्या कंपनीत बसून सॉफ्टवेअर लिहिणारा इंजिनिअर नाही. वायरमन, फिटर, तहसीलमधला संगणक ऑपरेटर, ग्रामीण रुग्णालयातला लॅब टेक्निशियन, मोबाइल टॉवरची देखभाल करणारा, पाणीपुरवठा योजनेवरचा पंपचालक, कनिष्ठ अभियंता, आयटीआयचा निदेशक, हे सगळे त्यात आले.

ही गोष्ट किनवटमधून सांगण्याला कारण आहे. पैनगंगेकाठचा, सागवानी जंगलाचा हा तालुका जिल्ह्याच्या ठिकाणापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब, अगदी तेलंगणाच्या कडेला. १९५६ सालापर्यंत तो आदिलाबाद जिल्ह्यातच होता, आणि आजही मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्ग त्याला दोन्ही बाजूंशी जोडून ठेवतो. इथे मराठीबरोबर गोंडी, कोलामी, गोरमाटी आणि तेलुगू रोज कानावर पडतात. अशा दूरच्या तालुक्यात सरकारी माणूस बदलीवर येतो आणि बदलीवर जातो. वळणावरच्या कोणत्या खांबावरची वायर पहिल्या वादळात सैल होते, पाण्याच्या टाकीचा कोणता व्हॉल्व्ह उलटा फिरतो, कोणत्या शाळेतला यूपीएस अर्थिंग नीट नसल्यामुळे वारंवार बंद पडतो, हे त्याला दोन-तीन वर्षांत कळतं. तो गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर बसमध्ये चढतं. नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि त्या शिकण्याची किंमत गाव मोजतं. शहरात एकाला नाही माहीत तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. इथे शेजारचं टेबल बऱ्याचदा रिकामं असतं. म्हणून लिहिलेल्या पानाची गरज शहरापेक्षा इथे जास्त आहे.

पण लिहिण्याचा पहिला फायदा लिहिणाऱ्यालाच होतो, आणि तो सर्वांत मोठा आहे असं माझं मत आहे. एक उदाहरण जरा सविस्तर पाहू.

कार्यालयात शेतकऱ्यांची यादी संगणकावर आहे. ऑपरेटर 'कुऱ्हाडे' हे आडनाव शोधतो. यादीत ते डोळ्यांना दिसतं, पण संगणक म्हणतो, सापडलं नाही. दुसऱ्या यादीत तोच माणूस दोनदा मोजला जातो. ऑपरेटर वैतागतो, नाव पुन्हा टाइप करतो, काम पुढे ढकलतो. खरं कारण 'ऱ्ह' मध्ये आहे. मराठीतला हा पापणीसारखा अर्धा र संगणकात दोन रीतींनी तयार होतो. युनिकोडच्या सध्याच्या पद्धतीत तो नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग पुढचं अक्षर असा लिहितात. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त, त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह आणि मग पुढचं अक्षर असा लिहीत. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगवेगळी नावं असतात. आणि कुणी साधा र, हलन्त, य एवढंच टाइप केलं तर 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' होतं, म्हणजे 'सूर्य' मधला रफार तिथे येऊन बसतो. मराठी वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवरही ही चूक आजपर्यंत दिसते.

हा ऑपरेटर उपाय शोधतो. सगळी यादी एका रीतीत बदलून घेतो आणि काम चालू होतं. इथेच तो थांबला तर त्याला फक्त एक युक्ती माहीत झाली. तो हेच पानभर लिहायला बसला तर त्याला स्वतःला प्रश्न विचारावे लागतात. न दिसणारं चिन्ह म्हणजे नेमकं काय? ते यादीत आलं कुठून, कोणत्या कीबोर्डमुळे? बदल करताना दुसरं काही बिघडणार नाही ना? मूळ फाइलची प्रत आधी ठेवली का? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत नाही हे लिहिताना कळतं. बोलताना ते कळत नाही, कारण बोलताना ऐकणारा मान डोलावतो आणि आपण पुढे जातो. कागद मान डोलावत नाही. अर्धवट वाक्य तसंच समोर पडून राहतं आणि ते पूर्ण करायला माणसाला पुन्हा संगणकाकडे जावं लागतं. पान पूर्ण होईपर्यंत युक्तीचं ज्ञान झालेलं असतं. पुढच्या वर्षी 'बऱ्हाणपूर' सापडलं नाही की त्याला पाच मिनिटं पुरतात. ते पान शेजारच्या तालुक्यातल्या ऑपरेटरच्या हाती पडलं तर त्याचाही दिवस वाचतो.

'मी काय लिहिणार, मी काही तज्ज्ञ नाही,' हे वाक्य मी तंत्रज्ञांच्या तोंडून फार ऐकलं आहे. त्यांना १९६९ सालची हकीकत सांगावीशी वाटते. आज ज्याला इंटरनेट म्हणतो त्याची पूर्वज असलेली अर्पानेट ही संगणक-जोडणी तेव्हा अमेरिकेत उभी राहत होती. संगणकांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचं हे ठरवण्याचं काम विद्यापीठांतल्या काही तरुण विद्यार्थ्यांकडे आलं. त्यांच्याकडे पद नव्हतं, अधिकार नव्हता, आणि आपल्यापेक्षा मोठी माणसं कधीही येऊन हे काम हातात घेतील अशी त्यांना धास्ती होती. त्यांच्यातल्या स्टीव्ह क्रॉकरने ७ एप्रिल १९६९ या तारखेचं पहिलं टिपण लिहिलं. घरातल्या इतरांची झोपमोड होऊ नये म्हणून तो रात्री न्हाणीघरात बसून लिहीत होता, असं त्याने पुढे सांगितलं आहे. या टिपणांना त्याने हुकूम किंवा नियमावली म्हटलं नाही. अभिप्राय मागवणारी विनंती असं त्यांचं नाव ठेवलं. त्याच महिन्यातल्या तिसऱ्या टिपणात टिपणं कशी लिहावीत याचे संकेत दिले. घासूनपुसून चकचकीत करण्यापेक्षा टिपण वेळेवर येणं महत्त्वाचं, विचार अर्धा असला तरी चालेल, आणि टिपणाची किमान लांबी एक वाक्य, असा त्याचा आशय आहे. ही मालिका आजही चालू आहे, तिच्यातल्या टिपणांची संख्या नऊ हजारांच्या वर गेली आहे, आणि आपला मोबाइल जे नियम पाळून पान उघडतो ते तिथेच लिहिलेले आहेत. ज्यांना आपण तज्ज्ञ नाही असं वाटत होतं त्यांनी एकेक पान लिहून हे उभं केलं. लिहिता लिहिता ते तज्ज्ञ झाले.

आता मराठवाड्यातली एक गोष्ट. ती लिहिताना हात जड होतो, पण या विषयाला तिच्यापेक्षा जवळचं दुसरं काही मला माहीत नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. काही अंदाज त्याहून मोठे आहेत. सरकारी नकाशात तो भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात होता. २००२ साली भूकंपविषयक भारतीय मानकाची नवी आवृत्ती आली तेव्हा तो तिसऱ्या विभागात गेला. लोक मेले ते बहुतेक आपल्याच घरांच्या दगड-मातीखाली. त्या घरांच्या भिंती दोन-दोन फुटांच्या, काही त्याहून जाड, आणि वर ऊन अडवण्यासाठी मातीचा जड थर दिलेलं माळवद. भिंत बाहेरून भक्कम दिसे, पण ती एक भिंत नव्हती. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर आणि मधे दगडांच्या कपच्या व मातीचा भराव, अशी ती रचना होती. दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. जमीन हलली तशी दोन्ही पदरांची फारकत झाली, भिंती फुगल्या, ढासळल्या, आणि माळवद खाली आलं.

आरपार दगड घालावा, ही माहिती अभियंत्यांना १९९३ पूर्वीही होती. भूकंपविषयक पहिलं भारतीय मानक १९६२ सालचं आहे. पण मानकाची भाषा इंग्रजी, तिच्यातही ती तंत्राची, आणि पुस्तक अभियंत्याच्या कपाटात. किल्लारीच्या गवंड्यापर्यंत ते वाक्य पोचलं नव्हतं. त्याच्या गावात घर बांधणारा तोच अभियंता होता, आणि त्याचा दोष काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्यांना माहीत होतं त्यांनी त्याच्यासाठी लिहिलेलं नव्हतं.

२००२ पासून आयआयटी कानपूरचे तेव्हाचे प्राध्यापक सी. व्ही. आर. मूर्ती यांनी बीएमटीपीसी या केंद्रीय परिषदेच्या सहकार्याने भूकंपावर छोट्या टिपणांची मालिका लिहिली. एकेका विषयावर दोनच पानं, सोपी भाषा, हाताने काढल्यासारखी साधी चित्रं, अशी ही टिपणं आहेत. पुढे त्यांचं पुस्तक झालं आणि ती हिंदीतही आली. दगडी घरांवरचं जे टिपण आहे त्यात किल्लारीचा उल्लेख आहे आणि उपाय गवंड्याच्या मापात दिला आहे. भिंतीची जाडी ४५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरला एक आरपार दगड हवा. गोलगोटे वापरू नयेत. हाताची वीत आणि दोरी घेऊन मोजता येतील असे आकडे. एका प्राध्यापकाने आपल्या विषयातलं अवघड ज्ञान दोन पानांत बसवलं. ते बसवण्यासाठी त्याला त्या विषयात किती खोल जावं लागलं असेल, याची कल्पना स्वतः असं एखादं पान लिहून पाहिलं की येते. मूर्ती यांनी शोधनिबंधही लिहिले आहेत, पण त्या दोन-दोन पानांनी त्यांचं नाव शोधनिबंध न वाचणाऱ्या किती तरी लोकांपर्यंत नेलं.

कारखानदारीतही आपल्याकडे ही वाट नवी नाही. लोखंडी नांगराने जमिनीत विष उतरेल, अशी समजूत असलेल्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर बनवले. ते विकले जायला बराच काळ जावा लागला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली तिथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या मालाची आणि कामाची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी, एवढाच त्याचा सुरुवातीचा हेतू होता. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि मराठी घरांमध्ये ते कुठवर पोचलं हे वाचकांना माहीत आहे. लोखंडाचं काम करणाऱ्यांनी लिहायचं मनावर घेतलं, त्यातून हे झालं.

भाषेचा प्रश्न इथे येतोच. तंत्राचं लिहायचं तर इंग्रजीतच, असा एक ग्रह आहे. इंग्रजीत जरूर लिहावं. बाहेरच्या जगाशी बोलायचं तर ते हवंच. पण किनवटच्या आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाला मराठीत पान मिळालं तर तो ते आधी वाचेल, आणि वाचून लगेच हात चालवेल. त्यासाठी प्रत्येक शब्दाला संस्कृत प्रतिशब्द शोधत बसण्याची गरज नाही. बेअरिंग, कॅपॅसिटर, राउटर, बॅकअप हे शब्द आता आपलेच आहेत. दुकानात जसं बोलतो तसं लिहावं.

आणि भाषेच्या बाबतीत या सीमेवर घडलेली एक गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नाही. किनवटच्या पलीकडे आदिलाबाद भागात गुंजाळा नावाचं गाव आहे. तिथल्या गोंड कुटुंबांकडे एका स्वतंत्र लिपीत लिहिलेली जुनी हस्तलिखितं होती. ती उजेडात आली, त्या लिपीचं शिक्षण सुरू झालं, आणि जून २०१८ मध्ये 'गुंजाळा गोंडी' ही लिपी युनिकोडच्या ११.० आवृत्तीत दाखल झाली. लिपी संगणकात आपोआप येत नाही. कुणीतरी प्रस्ताव लिहावा लागतो. त्यात प्रत्येक अक्षर, त्याचं नाव, स्वरचिन्हं कशी लागतात, जोडाक्षरं कशी होतात, अंक कोणते, अक्षरांचा क्रम कोणता, आणि या सगळ्याला पुरावा म्हणून हस्तलिखितांचे नमुने द्यावे लागतात. हे प्रस्ताव सर्वांना वाचायला खुले असतात, लोक त्यांवर आक्षेप घेतात, लेखक दुरुस्त्या करतो. अंशुमन पांडे यांनी या लिपीचा प्रस्ताव लिहिला. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या आपल्या मोडी लिपीचाही प्रस्ताव त्यांचाच होता. म्हणजे गोंडी असो की मोडी, ती मोबाइलच्या पडद्यावर उमटते यामागे कुणा तंत्रज्ञाने धीराने लिहिलेली पानं आहेत.

नोकरीच्या अंगाने बोललंच पाहिजे, कारण तरुण वाचकाला ते हवं असतं आणि ते रास्त आहे. किनवट, माहूर, हिमायतनगर, अहमदपूर अशा गावांतून पुण्याला किंवा हैदराबादला मुलाखतीला जाणाऱ्या मुलाच्या मागे मोठ्या कॉलेजचं नाव नसतं, ओळखीचं कुणी कंपनीत नसतं. अर्जावर 'नेटवर्किंगचं ज्ञान आहे' असं सगळेच लिहितात. त्याने मात्र शाळेच्या संगणक कक्षातली जोडणी कशी केली, कुठे अडलं, केबल तपासताना काय आढळलं, शेवटी वेग किती मिळाला, हे तारखेसह आठ-दहा पानांत लिहिलेलं असेल तर मुलाखत घेणाऱ्याच्या हातात त्याचं कामच येतं. प्रश्न त्या पानांवरून सुरू होतात, आणि त्या पानांवरचं त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. पदवीच्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अहवाल जाड पुठ्ठ्यात बांधून कपाटात जातात. त्यांतली कामाची चार पानं जरी सोप्या मराठीत बाहेर आली तरी त्या मुलांचं भलं होईल.

काही पथ्यं पाळावी लागतात. ज्याचं काम केलं त्याचं नाव, मोबाइल नंबर, पासवर्ड, रुग्णाचा अहवाल, लाभार्थ्यांची यादी यांतलं काहीही लिहायचं नाही. कार्यालयाची किंवा कंपनीची गुप्त माहिती असेल तर आधी परवानगी घ्यायची. विजेच्या कामात जे स्वतः करून पाहिलं नाही ते खात्रीने सांगायचं नाही, कारण वाचणारा त्यावर भरवसा ठेवून खांबावर चढू शकतो. दुसऱ्याकडून शिकलेलं असेल तर त्याचं नाव द्यायचं. उस्तादाचं नाव घेतल्याने आपलं कमी होत नाही. आणि कुणी चूक दाखवली तर पानावर दुरुस्ती करून तिची तारीख टाकायची. असा दुरुस्ती सुचवणारा वाचक मिळणं हा लिहिण्याचा आणखी एक लाभ आहे. दूरच्या तालुक्यात एकट्याने काम करणाऱ्याला दुसरा तपासनीस एरवी कुठून मिळणार?

पुढच्या पानांत टिपण कसं रचावं, फोटो आणि आकृती कुठे घालाव्यात, मोजमापं कशी द्यावीत, मराठी टाइप करताना काय सांभाळावं, हे सांगितलं आहे. ती पानं वाचून संपण्याची वाट पाहू नका. या आठवड्यात तुम्ही दुरुस्त केलेली एक गोष्ट निवडा. बिघाड काय दिसत होता, आधी काय तपासलं, खरं कारण काय निघालं, काय बदललं, कोणते आकडे मोजले, एवढं लिहा. खाली तारीख, गाव आणि स्वतःचं नाव घाला. मग ते तुमच्याच कामातल्या एका नवशिक्याला वाचायला द्या आणि त्याला जिथे कळलं नाही तेवढा भाग पुन्हा लिहा.